यूथिंग लाइव्ह जाते

सिडनीजवळच्या आमच्या टूनगॅबीच्या घरात मागच्या खोलीत यूथिंग भाड्याने राहते. मूळची चीनमधल्या हार्बिनची, इथल्या युनिव्हर्सिटीत अकाउंटिंग शिकते आणि हसायला लागली की जमिनीवरच बसते. मोबाइलवर मात्र ही बया एकटी नाही, दोघी आहेत. एक खातं घरच्यांसाठी, तिथे टेबल, पुस्तकं आणि गंभीर चेहरा. दुसरं इथल्या चिनी विद्यार्थ्यांसाठी, तिथे माझी थालीपिठं, माझ्या नवऱ्याचं घोरणं आणि माझ्या नऊवारीत ही. आईला हे कळलं तर ‘पोरगी परकी झाली’ म्हणून परत बोलावून घेईल, अशी तिला धास्ती.

चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी तिला डम्पलिंग करायची हुक्की आली. आईने अभ्यासापायी कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलेलं नाही, मग येणार कुठून? एकेक डम्पलिंग उकळत्या पाण्यात पोट फाडून घेत होतं. मला राहवेना. “सरक,” म्हटलं आणि पारी हातात घेऊन मोदकासारख्या झकास कळ्या पाडल्या. एकही फुटलं नाही! यूथिंगने किंचाळून फोन खिडकीत उभा केला आणि लाइव्ह सुरू केलं. अंगात माझा गाउन, कपाळाला टिकली, नाकावर मैदा. वर लावणीची एक गिरकी. आमचे अवधूतराव शिट्ट्या मारत होते.

तेवढ्यात ती पांढरीफटक पडली. “आँटी, राँग अकाउंट!”

पलीकडे तिचं सगळं खानदान सणाला जमून आम्हाला बघत होतं. मी पदर सावरायला गेले, तर अंगात टी-शर्ट. लगेच आईचा व्हिडिओ कॉल आला. बाई बराच वेळ बोलत राहिल्या. यूथिंग मान खाली घालून ऐकत होती, आणि एकदम हुंदके द्यायला लागली.

माझं डोकंच फिरलं. सणासुदीला लेकराला असं रडवतात? फोन ओढून घेतला आणि मराठीतच ठणकावलं, “हे बघा बाई, पोरगी तुमचीच आहे, आम्ही काही पळवून नेलेली नाही!”

त्यांनी हात जोडून मान लववली. मी गोंधळले. “काय म्हणाली गं तुझी आई?”

यूथिंगने गाउनच्या बाहीने नाक पुसलं. “म्हणाली, आज निवांत झोपेन. तिला वाटत होतं, मला इथे कोणीच नाही.”