चौकश्याचा खांदा

गल्लीतल्या कटिंगवाल्याला सगळे चौकश्या म्हणायचे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की अंगावर कापड टाकता टाकता याचा पहिला सवाल, "दुखतं कुठं?" केस किती ठेवायचे ते नंतर.

फरशी बसवणाऱ्याच्या गुडघ्याच्या वाटीवर पाणी धरलेलं. दिवसभर गुडघे टेकूनच काम, दुसरं काय होणार! ट्रकवाल्याचा डावाच गुडघा कुरकुरायचा, कारण क्लच डाव्या पायाला. शिंप्याचा अंगठा बुडाशी ठणकायचा, जाड कापडात कात्री चालवून. चेंडू खेळणाऱ्या एका पोरीचा पाय जमिनीला चिकटून राहिला अन् अंग तेवढं गर्रकन वळलं. गेला गुडघा.

धंदा सांगा, मी सांधा सांगतो, अशी चौकश्याची मिजास. एकदाच तोंडावर पडला. शाळेतल्या बाईंच्या दोन्ही हातांची बोटं सकाळी सुजून आखडायची. "खडू, बाई, खडू!" असं यानं ठणकावलं. बाईंनी तपासून घेतलं तर निघाला संधिवात. अंगातली रोगाशी लढणारी राखणच उलटून आपल्या सांध्यांवर धावते म्हणे. याला त्याचं इतकं नवल, की पुढं येईल त्या गिऱ्हाइकाला तेच सांगत बसला.

पण स्वतःचा उजवा खांदा काही त्याला कळेना. त्या कुशीवर निजता येईना. कंगवा वर नेला की डोळ्यांत पाणी. शेकून झालं, तेल चोळून झालं. त्यात थोरला साडू टपलेला. "दुकान मला द्या, मोबाईलची कव्हरं विकतो. तुम्ही बसा घरी निवांत." बायकोही निम्मीअर्धी वळली होती. चौकश्याला दुसरं कामच येत नव्हतं, अन् घरी बसून तो चौकशी कुणाची करणार?

एके दुपारी बायको डबा घेऊन आली. खुर्चीत ट्रकवाला. ती दारातच थबकली.

"अहो, केस कापताय का पंखा पुसताय?"

"म्हणजे?"

"कोपर बघा की आरशात! कानाच्या वर चाललंय."

चौकश्यानं पाहिलं. आजवर आरशात त्यानं फक्त गिऱ्हाइकांची डोकी पाहिली होती.

खुर्चीखाली लाकडी ठोकळा होता, वडिलांनी बसवलेला. वडील ताडमाड. वाकून वाकून कंबर धरली, म्हणून त्यांनी खुर्ची उंच करून घेतली अन् कंबर सुटली. हा आईवर गेलेला, बुटका. तरी ठोकळा तसाच, वर दर सुट्टीला पॉलिश.

"काढा तो," बायको म्हणाली.

"बाबांचा आहे गं."

"बाबांची उंची आहे का तुमच्याकडं?"

ट्रकवाला गळ्यातलं कापड न सोडताच उठला आणि खुर्ची उचलून धरली. ठोकळा निघाला.

डॉक्टरीणबाईंनी हात फिरवून पाहिला. हात सारखा वर धरून खांद्यातली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, सुजलीय, तुटलेली नाही, म्हणाल्या. भिंतीवर बोटं हळूहळू वर चालवायचा व्यायाम दिला.

"आता वाकून कंबर धरली तर?" यानं त्यांना विचारलं.

"धरू तर द्या आधी!"

खांदा अजून पुरता सुटलेला नाही. पण डोळे न भरता कंगवा फिरतो. परवा साडू टेप घेऊन कव्हरांच्या फळ्यांची मापं घ्यायला आला, तर बायकोच आडवी आली.

"दाजी, दुकान चालू आहे. कटिंग करायची तर बसा, नाहीतर उजेड सोडा."