लिंबाचं गरम म्हणजे औषध नव्हे

हॅझलक्लफ गावच्या बोलिंग क्लबात हिरवळ राखायचं काम नॉर्मन एंटविसल करतो. बिनपगारी. त्याने आणि मी हयातभर रस्त्याकडेच्या फरश्या बसवल्या. फरशी जराशी डुगडुगली तरी तो ती उखडायला लावायचा, मुकादम काही का बोंबलेना. निवृत्तीनंतर फरशीच्या जागी गवत आलं, एवढाच फरक.

आमची हिरवळ मध्ये उंच, कडांना उतरती. तिच्यावरून मोठा चेंडू असा सोडायचा की वळत वळत जाऊन तो लहान चेंडूपाशी थांबावा. सगळा खेळ बोटांचा. हात हलला की चेंडू परमुलखात.

क्लबाच्या भिंतीवर नॉर्मनच्या पाट्या आहेत. टाचेचे बूट नकोत. दव झाडल्याशिवाय पाऊल नको. खताच्या पोत्याला हात नको. गवत कापायचं नवं यंत्र आलं तेव्हा त्याचं माहितीपुस्तक त्याने सभेत मोठ्याने वाचलं, शेवटच्या पत्त्यासकट. दोघांना डुलकी लागली. त्यांना उठवून त्याने ते पान पुन्हा वाचलं.

डोकेदुखीच्या गोळ्यांच्या पाकिटातला कागद मात्र या माणसाने कधी उलगडला नाही.

गोळ्या त्याने वसंतात सुरू केल्या. पॅरासिटामॉल आणि कॅफीन एकत्र असलेल्या. दुखणंही मारतात आणि माणसालाही उभं करतात, असं तो म्हणायचा. सुरुवातीला कधीमधी, मग रोज. डोकंही मग रोज दुखू लागलं. उन्हाळा आला तसा तो दुखायच्या आधीच घेऊ लागला.

"आधी का?" मी विचारलं.

"पाऊस यायच्या आधी गवत कापतो ना आपण? तसं."

वर काळाकुट्ट चहा, मगामागून मग. दुकानदार नियमाप्रमाणे एका वेळी दोनच पाकिटं देतो, म्हणून त्याला तो कंजूष म्हणायचा आणि पुढच्या दुकानात जायचा.

जोडीच्या अंतिम सामन्यात तो आणि मी पोचलो. चषकावर त्याच्या बापाचं नाव कोरलेलं आहे, त्याचं नाही. आपलंही त्याखाली यावं एवढीच त्याची इच्छा. नेमकी त्याच आठवड्यात त्याला सर्दी झाली.

आमच्या क्लबात चहाच्या पिशव्या, साखर आणि सर्दीवरच्या, गरम पाण्यात ढवळायच्या लिंबू-पुड्या एकाच डब्यात असतात. पाणी सतत उकळत असतं. कोणी शिंकलं की विचारतात, "चहा की लिंबू?" नॉर्मन म्हणाला, "दोन्ही." आणि आठवडाभर तेच चालवलं. गोळ्या चालूच.

सामन्याच्या आदल्या दिवशी सरावाला त्याच्या हातातला चेंडू थरथरत होता.

"हात हलतोय तुझा," मी म्हणालो.

"वारा आहे."

"वारा फक्त तुझ्याच हाताला लागतोय होय, म्हाताऱ्या?"

सामन्याच्या सकाळी त्याच्या बायकोने, ब्रेंडाने, त्याला औषधांच्या दुकानात ओढत नेलं. मीही गेलो. दुकान फराह चालवते. इथलीच पोर, शाळेत होती तेव्हा हिरवळीवर सायकल घातली म्हणून नॉर्मनचा ओरडा खाल्लेली.

"हात थांबेल असं काहीतरी दे पोरी. दुपारी सामना आहे."

"काय काय घेता तुम्ही, मिस्टर एंटविसल?"

"या गोळ्या. दिवसाला आठ. पाकिटावर तेवढ्या चालतात."

"पाकीट वाचता?"

"आकडा वाचतो."

"आणि चहा?"

"चहा मोजतात का कुठे?"

"कॅफीन त्यातही आहे. हात उगाच नाही हलत. आणखी काही औषध?"

"नाही."

ब्रेंडा म्हणाली, "लिंबू सांग."

"लिंबाचं गरम म्हणजे औषध नव्हे. पेय आहे ते. साखरेशेजारी असतं."

फराहने फळीवरून तीच पुडी काढून त्याच्यापुढे ठेवली. "वाचा."

त्याने चष्मा लावला. पॅरासिटामॉल. एका पुडीत दोन गोळ्यांइतकं.

"याचे किती मग घेतलेत रोज?"

तो चष्मा पुसू लागला. ब्रेंडाने सांगितलं. फराहचा चेहरा बदलला.

"म्हणजे दिवसाच्या हद्दीच्या जवळजवळ दुप्पट, तेही आठवडाभर. आत्ता हॉस्पिटलात जा. रक्त तपासतील. घरी नाही, आत्ता."

"मला काही होत नाहीये. संध्याकाळी जातो, चषक घेऊन."

"यकृताचं तसंच असतं. बिघडतं तेव्हा कळत नाही."

"ठणठणीत माणूस हॉस्पिटलात कशाला?"

मला राग आला. मी म्हणालो, "नॉर्मन, आपल्या क्लबातल्या डेरेकने हिरवळीला एकाच दिवशी दोनदा खत घातलं होतं. दुसऱ्या दिवशी गवत कसं होतं?"

"हिरवंगार. त्यालाच तर तो गाढव भुलला."

"जळालं कधी?"

हे उत्तर त्याने आख्ख्या क्लबाला ऐकवलेलं होतं.

"आठवड्याने," तो म्हणाला. मग टोपी घातली. "ब्रेंडा, गाडी काढ. आणि तू, कडेने खेळ. मधून नको."

राखीव गडी डेरेकच होता. आम्ही कडेने खेळलो आणि हरलो. शेवटच्या फेरीआधी नॉर्मनचा फोन आला. हाताला सुई लावून पडला होता. "टाचेचे बूट कोणी घातलेत का?" पहिला प्रश्न हाच.

यकृत वाचलं. वेळेवर आला, असं डॉक्टर म्हणाले. रोजच्या गोळ्यांनीच रोजची डोकेदुखी लावली होती, हेही तेच म्हणाले. त्या बंद केल्यावर डोकं आधी जास्त दुखलं, ब्रेंडाचं तर फारच. मग थांबलं.

चषकावर त्याचं नाव अजून नाही. पुढच्या हंगामात बघू.

क्लबात आता दोन डबे आहेत. लिंबू-पुड्यांच्या डब्यावर 'हे औषध आहे' अशी पाटी आहे, सगळ्या पाट्यांपेक्षा मोठी. परवा मी शिंकलो आणि त्या डब्याकडे हात नेला. नॉर्मनने पुडी काढून घेतली.

"सकाळपासून काय काय घेतलंस?"

"काही नाही रे."

"बस खाली."

आणि त्याने पुडीवरचा मजकूर मोठ्याने वाचला, शेवटच्या पत्त्यासकट. पाणी गार झालं.