सरकीचा कंगवा

सरकी आज सकाळी गेली.
आणि मी अजूनही त्या अकोल्याच्या डॉक्टरवर जळतो.

सरकी म्हणजे आमच्या शेजारच्या काकूंची कुत्री.
अमरावतीत आमच्या गल्लीमागे जुनं जिनिंग आहे, कापसातून सरकी काढायचा कारखाना. अमेरिकेत लढाई पेटली अन् वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हापासूनचं, असं सगळे सांगतात. तिथल्या सरकीच्या ढिगात काकूंच्या पल्लवीला शाळेत असताना हे पिल्लू सापडलं.
केस कसले, पिंजलेला कापूस!

त्या कापसात गाठी व्हायच्या. पण कंगवा दिसला की सरकी दिवाणाखाली.

पल्लवी व्हेटर्नरीला अकोल्याला गेली. मी इंजिनीअरिंग अर्धवट सोडून घरीच. सरकीचे केस विंचरायचं काम माझ्याकडे आलं.
आलं कसलं, मी ओढून घेतलं. पल्लवीचा फोन येईल म्हणून.

पहिल्याच दिवशी सरकीला धरून बसवलं. चावली.
पल्लवी फोनवर माझ्यावरच भडकली.

"जबरदस्ती काहून करून राह्यला बे? कंगवा नुसता खाली ठेव. तिले हुंगू दे. शेंगदाणा दे."
"अन् पाय ओढला तं?"
"सोडून द्याचा. लगेच. तिले समजलं पायजे का आपलं कोणी ऐकते."

मग तेच सुरू झालं. कंगवा एकदा फिरवायचा, शेंगदाणा. पंजा हातात घ्यायचा, सोडायचा. नेलकटर नुसतं वाजवायचं, पुन्हा शेंगदाणा.
अख्खा पावसाळा यात गेला.

एक दिवस सरकीने स्वतःहून पंजा माझ्या मांडीवर ठेवला. मी नखं कापत होतो आणि बाईसाहेब घोरत होत्या.
कॉलेजात मी असा कधी पास झालो नव्हतो.

दिवाळीत पल्लवी आली. सोबत तो. तिचा सीनिअर, आता डॉक्टर.
जमिनीवर बसला, हात पुढे केला.
आणि सरकीने, माझ्या सरकीने, त्याच्या हातात पंजा दिला.

"प्राण्यायले माणूस बरोबर समजते," पल्लवी म्हणाली. त्याच्याकडे बघून.
"माणूस नाही, शेंगदाणा समजते!" मी म्हणालो.
दोघं हसले.
मी जोक केला नव्हता.

आज पहाटे म्हातारी सरकी दाराशी पडून होती. उठेना.
मी कंगवा घेऊन बसलो. शेंगदाणा तिने हुंगला, खाल्ला नाही.
तरी पंजा दिला.
मग ओढला नाही.

दुपारी दोघं अकोल्याहून आले.
"भ्याली होती का रे?" पल्लवी रडत होती.
"नाही."
"तुम्ही तिला किती शांत केलं होतं," डॉक्टर म्हणाला. मनापासून म्हणाला. त्याचाच जास्त राग आला.

निघताना पल्लवीने कंगवा मागितला. आठवण म्हणून.

पल्लवी, टॅग करत नाही, पण तू वाचशील.
तुमच्या लग्नाला येईन. पंगतीत वाढेन.
कंगवा देणार नाही. त्यात अजून तिचे केस आहेत.

जा, सरके.
तिकडे कोणी पंजा मागितला, तर आधी शेंगदाणा बघ.
अन् अकोल्याचा असला, तर देऊच नको.