जीपचे पाटे आणि गयाबाईंचं दूध

गेल्या आठवड्यात आमच्या जीपचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, बदलून घेतले… आणि अख्ख्या वस्तीची मान वर झाली. हसू नका, खरंच सांगतेय.

आमची वस्ती शिरूर कासारच्या पलीकडे, डोंगरावर. बायकांची दूध सोसायटी आहे आणि तिची जीप मी चालवते. सकाळी दुधाचे कॅन घेऊन खाली केंद्रावर जायचं, येताना पाण्याचे ड्रम भरून वर यायचं. यंदा विहिरी संक्रांतीलाच आटल्या, त्यामुळे पाणी खालूनच आणावं लागतं.

रस्ता म्हणजे कोरड्या नदीचं पात्र. भरलेले ड्रम घेऊन चढताना गाडीचं बूड दगडांना घासायचं, म्हणून जीप उंच करून घेतली, मोठे टायर टाकले. शिवाय आमच्याकडे एकच औषध… गाडी मागून बसली की आणखी एक पाटा टाक. असं करत करत पाटे इतके झाले की ड्रम भरले तरी गाडी तसूभर खाली जाईना. मला तर ती रणगाडाच वाटायची.

मग महिनाभरापूर्वी केंद्रावर आमच्या दुधाला फॅट कमी लागायला लागली. सगळ्यात कमी गयाबाईंच्या कॅनला. तपासणीवाले साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, साय काढून पाठवता. पाणी घालता म्हणाले असते तर मी हसले असते… प्यायचं पाणीसुद्धा ड्रमनं वर आणणारे आम्ही, दुधात ओतायला पाणी कुठून आणणार? पण साय काढता म्हणजे सरळ चोरीच.

गयाबाई साठीच्या पुढच्या. दारोदार फिरून ही सोसायटी उभी केली ती त्यांनीच. आरोप ऐकला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दूध देणंच बंद केलं. "जितं मला चोर म्हन्ले, तितं माजा कॅन जानार न्हाई."

त्यांचं बघून आणखी चौघी थांबल्या. सोसायटी बंद पडायची वेळ आली… आणि शेतात काही नसलेल्या सालात दुधाशिवाय आमच्या घरात दुसरं येतं काय?

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. साहेबांना म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? यंत्र घ्या आणि वर चला. माणूस वाईट नव्हता, आले. गयाबाईंनी त्यांच्यासमोर धार काढली, त्यांनी तिथंच दूध तपासलं. फॅट चोख!

साहेब म्हणाले, मग वाटेतच काहीतरी होतंय. म्हणजे आळ आता माझ्यावर! गयाबाईंनी तपासणीपुरता तो कॅन गाडीत ठेवू दिला. साहेबांना म्हटलं, बसा मागे, कॅनच्या शेजारी, झाकणावर हात ठेवून.

नदीतून उतरताना मागून नुसतं "ताई, हळू! ताई, हळू!" चाललं होतं. केंद्रावर पोहोचलो तेव्हा साहेबांचा चष्मा एका कानाला लोंबत होता. दूध परत तपासलं तर फॅट घसरलेली… आणि वाटभर झाकणावर हात त्यांचाच. मी झाकण उलटं केलं. आतून लोण्याचे कण चिकटलेले.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दुष्काळामुळे दूध कमी, कॅन अर्धे रिकामे, गयाबाईंचा तर सगळ्यात जास्त, गाडी हलकी… आणि खाली पाण्याच्या ओझ्यासाठी दगडासारखे केलेले पाटे. साय कुणीच काढत नव्हतं. माझी जीपच रोज दूध घुसळून लोणी काढत होती!

पाटोद्याला रफीकभाईंचं गॅरेज आहे. पाटे त्यांनीच टाकलेले, त्यामुळे काढायचं म्हणताच ते तापले. "ताई, लोक पाटे वाढवाया येत्यात, तुमी कमी कराया आलाव? ड्रम भरले की गाडी बसंल, मंग मला बोलू नका!"

मी म्हटलं, हलक्या ओझ्याला मऊ आणि भरल्या ओझ्याला कडक अशी गाडी करून द्या. तर म्हणतात, "आसं मानूस बी नसतंय ताई, गाडी कुठून आनू?" बराच वेळ भांडलो. मग चहा झाला, दोघांचाही पारा उतरला आणि तोडगा निघाला.

जुना गठ्ठा काढून लांब, पातळ पाटे बसवले. त्यांच्यावर थोडं अंतर सोडून दोन जाड हेल्पर पाटे… ओझं आलं तरच टेकणारे. चारी चाकांना नवे शॉकअप. उंची मात्र तेवढीच ठेवली, ऐट कशी सोडणार!

ड्रम भरून पहिल्यांदा चढले. गाडी मागून दबली, हेल्परला टेकली आणि तिथंच थांबली. एकदाही बूड घासलं नाही. मी एकटीच गाडीत ओरडले, "जिंकलीस गं बाई!"

पण खरी परीक्षा सकाळची होती. गयाबाईंना घरी जाऊन विनवलं. त्या कॅन घेऊन आल्या आणि स्वतःही माझ्या शेजारी चढून बसल्या. वाटभर मागे वळून कॅनकडे बघत होत्या.

केंद्रावर रांग होती. साहेबांनी नमुना यंत्राला लावला, आकडा आला. वस्तीवर लागली होती तेवढीच फॅट! साहेब म्हणाले, "गयाबाई, चुकलं आमचं."

गयाबाई जागच्या हलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "आकडा वाच." म्हटलं, तुम्हाला दिसतोय की. "मला दिसतुय. समद्यांसमोर चोर म्हन्ले व्हते… समद्यांला ऐकू जाईल आसा वाच."

मी वाचला. पार रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल. डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी आवाज फाटू दिला नाही.

रफीकभाई, तुम्ही भांडलात खरे, पण काम सोन्यासारखं केलंत. पाण्यासाठी टाकलेले तुमचे हेल्पर पाटे काल सकाळी जातानाच टेकले. कारण गाडीत नुसते कॅन नव्हते, त्या थांबलेल्या चौघीही दाटीवाटीनं बसल्या होत्या. प्रत्येकीला आपला आकडा मोठ्यानं ऐकायचा होता… आणि मी प्रत्येकीचा वाचला.