डब्यात साखर नव्हती

ह्यांचं इन्सुलिन सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "घाम सुटला, हात थरथरले, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर वाट बघायची नाही. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजायची." घरी आल्याआल्या मी ते मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवलं. खाली लिहिलं : साखर स्टीलच्या डब्यात, वरच्या फळीवर.

पण हे अंबडच्या कंपनीतून ड्यूटी संपवून आले की त्याच डब्यातून चहात गुपचूप दोन चमचे वाढवायचे. बोलून मी थकले. शेवटी गोड तुळशीची, म्हणजे स्टीव्हियाची, साखरेसारखी दाणेदार पावडर आणली. गोडी तीच, कॅलरी शून्य. उरलेली साखर शेजारी दिली आणि डब्यात पावडर ओतली. ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन प्यायले असते.

सासूबाईंना मात्र सांगावं लागलं. त्यांनी नैवेद्याच्या खडीसाखरेची डबी काही माझ्या हाती दिली नाही. म्हणाल्या, "माझ्या बाळकृष्णाला कुठे डायबेटिस आहे?"

तीन महिने खपून गेलं. चहाची चव तोंडात रेंगाळते, दुधातच काहीतरी आहे, म्हणत ह्यांनी दूधवाला बदलला.

मग एका रविवारी सकाळी ह्यांनी इंजेक्शन घेतलं आणि मी पोहे फोडणीला टाकायला गेले, तर गॅस संपलेला. दुसऱ्या सिलिंडरवर रेग्युलेटर बसेना. त्या खटपटीत अर्धा तास गेला. बाहेर येऊन बघते तर हे खुर्चीत घामाने निथळताहेत.

"अहो, काय होतंय?"

"बस गेली का माझी?" रविवारी, घरच्या कपड्यांत, हे कंपनीच्या बसची चौकशी करत होते.

बोटाला सुई टोचून मशीनवर बघितलं. आकडा छप्पन्न, सत्तरच्याही खाली. मी डबा काढला, तीन चमचे पाण्यात ढवळले आणि ग्लास ह्यांच्या ओठांना लावला. निमूट प्यायले. मला वाटलं, झालं आपलं काम. दहा मिनिटं घड्याळाकडे बघत बसले. ह्यांचे डोळे जड व्हायला लागले. परत सुई टोचली. एकोणपन्नास.

सासूबाई देवघराच्या दारातून बघत होत्या. "अगं, साखर कुठली दिलीस?"

"डब्यातली."

"त्या डब्यातली?"

चिठ्ठी मीच लिहिलेली, डबाही मीच बदललेला. दहा मिनिटं मी ह्यांना नुसतं गोड पाणी पाजून बसले होते.

तोवर सासूबाईंनी खडीसाखरेची अख्खी डबी खलात ओतून बत्त्याने कुटली. कोमट पाण्यात विरघळवून मी घोट घोट पाजत राहिले. गिळत होते, एवढाच आधार. दर घोटाला मी "गिळा, अहो, गिळा" म्हणून ओरडत होते. पाव तासाने आकडा ऐंशीवर आला आणि हे म्हणाले, "ओरडतेस काय? पोहे झाले का?"

दुपारी सगळं सांगून टाकलं. हे म्हणाले, "म्हणजे दूधवाल्याची काही चूक नव्हती तर."

आता पावडर काचेच्या बरणीत असते, वर नाव लिहून. साखर स्टीलच्या डब्यात परत आली, आणि कामावर जाताना ह्यांच्या खिशात मी साखरेची पुडी घालते. तरी माझं मन थाऱ्यावर नाही. दुपारी ह्यांना जेवायला उशीर झाला असेल या धास्तीने रोज फोन करते.

"पुडी आहे ना खिशात?"

"आहे. पण खरी आहे, की तुझी?"

"आईंच्या डबीतली आहे."

तरीही खात्री करायला पलीकडून एक खडा दाताखाली कडकन फुटल्याचा आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय मी फोन ठेवत नाही.