दुसऱ्या मजल्यावरचं घर

न बांधलेल्या घरात इतक्या शिस्तीने राहिलेला माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, हे मी पैजेवर सांगतो. दिघीतल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरचे हे भाडेकरू. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे धाराशिवकडचे. चाकणजवळ माजी सैनिकांसाठी म्हणून एक गृहप्रकल्प निघाला होता, त्यात आयुष्याची पुंजी घालून त्यांनी फ्लॅट घेतला. "ताबा मिळेपर्यंत, चार-दोन महिने," असं सांगून ते नि त्यांची बायको, आमच्या काकू, आमच्याकडे आले आणि वर्षांमागून वर्षं राहिले. आमच्या आजोबांचं शिवार कधीकाळी लष्कराच्या हद्दीत गेलेलं. आई म्हणायची, "जमीन गेली फौजेकडं, आन् फौजेतला माणूस ऱ्हायला आमच्यात. देवाची करणी मला तर काय कळत न्हाई."

वागण्यात सुभेदार अजून पलटणीतच होते. पहाटे उठून आमचा जिना धुवायचे, मग गल्लीतल्या दुचाक्या एका रेषेत लावायचे. ज्याची वाकडी असेल त्याला दारात बोलावून सरळ करायला लावायचे. शिफ्टवरून आलेली पोरं कुरकुरत, पण ऐकत. आमच्या मांजरालासुद्धा त्यांनी जिन्याच्या उजव्या बाजूने चालायला शिकवलं, असं गल्लीत बोललं जाई. मात्र आमच्या भिंतीला त्यांनी कधी एक खिळा ठोकला नाही. कॅलेंडर खुर्चीवर, देव खोक्यावर. मी म्हणालो, "ठोका हो, आपलंच घर आहे." ते म्हणाले, "भाऊ, परक्या भिंतीला भोक पाडायचं नाही. आपली भिंत येतेय."

ती काही येत नव्हती. प्रकल्पाचे खांब आणि स्लॅब तेवढे उभे राहिले आणि काम बंद पडलं. तरी दर रविवारी सुभेदार इस्त्रीचा सदरा घालून काकूंना स्कूटरवर घेऊन तिकडे जायचे. न झालेल्या सोसायटीचे ते अध्यक्ष होते. लिफ्टच्या खड्ड्याजवळ इतर फसलेल्या फौजींची बैठक घेऊन त्यांनी गाड्यांच्या जागा ठरवल्या होत्या, आणि दुपारी कुणी मोठ्याने बोलायचं नाही असा ठराव केला होता. तिथे ऐकायला नुसती कबुतरं होती.

एकदा त्यांनी आम्हाला 'घरी' जेवायला बोलावलं. दुसऱ्या मजल्यावर उघड्या स्लॅबवर सतरंजी अंथरलेली. मी पाय ठेवणार, तेवढ्यात सुभेदार म्हणाले, "चपला बाहेर." दार कुठेच नव्हतं, तरी मी दाराबाहेर चपला काढल्या. काकूंनी डब्यातून पुरणपोळ्या वाढल्या आणि बोटाने दाखवलं, "इथं ओटा. खिडकी त्याच्यासमोर, म्हणजे भाकरी करताना डोंगर दिसंल." आई आधी हसली. मग काकूंचा चेहरा बघून म्हणाली, "ओटा जरा उंच घ्या बाई. कंबर दुखत न्हाई."

फौजींनी बिल्डरविरुद्ध केलेल्या तक्रारीच्या सुनावणीला सुभेदार पदकं लावून जात. सुनावणी घेणारे साहेब उभं राहून त्यांच्याशी हात मिळवायचे, सैनिकांचा आम्हाला अभिमान आहे म्हणायचे आणि पुढची तारीख द्यायचे. अभिमान सगळीकडे भरपूर मिळायचा. पंधरा ऑगस्टला कुणीतरी हमखास सत्कार करी. घरी शालींची चळत झाली होती. "अजून थोड्या आल्या की तंबू शिवतो," ते म्हणायचे.

अशाच एका सत्काराला व्यासपीठावर देणगीदार म्हणून तोच बिल्डर बसला होता. सुभेदारांच्या हातात माइक आला. मला वाटलं, आता फाडतील. ते शांतपणे म्हणाले, "साहेब आमचे जवळचे. त्यांच्याच इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. भिंती नाहीत, त्यामुळे हवा चांगली येते. साहेबांनी एकदा चहाला यावं." मंडप हसला. टाळ्या पडल्या. बिल्डरही हसला आणि त्यानेच शाल घातली. परतताना सुभेदारांनी खांद्यावरची शाल काढून घडी केली. मग म्हणाले, "लोक हसले हो, भाऊ."

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्या इमारतीच्या कठडा नसलेल्या जिन्यावर काकूंचा पाय शेवाळावरून घसरला. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुठे पडल्या? "स्वतःच्या घरात," सुभेदार म्हणाले, आणि तोंड फिरवून उभे राहिले.

काकूंना आमचा जिना चढणं शक्य नव्हतं. हिंजवडीला लेकीच्या इमारतीत लिफ्ट होती, तिने दोघांना नेलं. आमच्या गल्लीतल्या दुचाक्या आठवड्याभरात पुन्हा वाकड्या झाल्या.

मध्यंतरी मी भेटायला गेलो. जावई चांगला, लेक मायेची. काकू काठी घेऊन चालत होत्या. सुभेदार सोफ्याच्या कडेला बसले होते. टीव्हीचा आवाज मोठा होता, तो त्यांनी कमी करायला सांगितला नाही. चहा झाल्यावर कप आत ठेवू का, असं त्यांनी लेकीला विचारलं. मला पोचवायला ते खाली आले, तर फाटकावरच्या नव्या रखवालदाराने वही पुढे करून विचारलं, "कोणत्या फ्लॅटचे, बाबा?"

सुभेदारांनी वही हाताने मागे सारली.

"पाहुणा आहे," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी रिक्षा थांबवायला पुढे गेले.