उजवीकडचं उद्या

समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला लेस्टर स्टिअरिंगवरून एक बोट उचलून सलाम करायचा. बूट झटकल्याशिवाय पायात घालायचा नाही. चहावर घोंघावणाऱ्या माश्यांना पाहुणे म्हणायचा. निघताना गाडीमागे ओढायच्या कॅरॅव्हॅनचा, त्या चाकांवरच्या घराचा, जोड दोनदा हलवून बघायचा.

स्वतःच्या हृदयावर त्याचा भरवसा उरला नव्हता. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या ऊडनाडाटाच्या या वाळवंटी सफरीत लेकीला, ब्रॉनविनला, कॅरॅव्हॅन मागे घ्यायला शिकवायचंच, असं त्यानं ठरवलं होतं.

"बाबा, कशावर तरी आपटेल!"

"अगं, इथे आपटायला आहे काय? ते एक झुडूप. तेही तुला बघून थरथरतंय."

ब्रॉनविनची आई हसली. संध्याकाळपर्यंत ब्रॉनविनला डावीकडे वळवत मागे घेणं जमलं.

"उजवीकडचं उद्या," लेस्टर म्हणाला.

सकाळी तो उठलाच नाही. त्याचा देह विमानानं नेला. आईला शेजारी बसवून ब्रॉनविननं कॅरॅव्हॅन ॲडलेडला घरापर्यंत आणली. वाटेत समोरून आलेल्या प्रत्येक गाडीला तिनं बोट उचललं.

घराच्या फाटकातून कॅरॅव्हॅन आत घ्यायची, तर उजवीकडे वळवत मागे घ्यावी लागते. ती अजून रस्त्यावरच उभी आहे.